जिंतूरच्या रस्त्याचा चढ

माणिक, जिंतूरच्या रस्त्याला चढ आहे हे तुला ठाऊक होतं.

तू भूगोलाचा मास्तर. सातवीच्या पोरांना फळ्यावर जिल्ह्याचा नक्शा काढून कुठली जमीन उंच, कुठली सखल, पाणी कुठून कुठे उतरतं, हे खडू आडवा धरून सावली देऊन दाखवायचास. जिंतूरकडचा उंच कोपरा नेहमी दाट पांढरा असायचा. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो आणि मध्ये नुसती पातळ पडदी, त्यामुळे तुझं सगळं मला ऐकू यायचं. म्हणजे मलाही ठाऊक असायला हवं होतं. पण मी रस्ता ठरवला आणि तू "बरं" म्हणालास. एवढंच. त्या एका शब्दापाशी मी गेले तेवीस दिवस बसून आहे.

तेवीस दिवस झाले तुला जाऊन. हेडमास्तरांनी शाळेच्या वार्षिकासाठी माझ्याकडे मजकूर मागितला आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, अंगचे गुण, सगळं मिळून दीड पान. मी तुझ्या नावाआधी कैलासवासी लिहिलं आणि मला हसू फुटलं. कैलासाचा चढ म्हटल्यावर तू पायथ्याशीच वही उघडून बसला असतास. मग त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की कागद फाडून टाकला. दीड पान कुणीतरी लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि भांडायचंही आहे, आणि दोन्ही एकट्यानेच करावं लागणार आहे.

आपली गाठ पडली ती हैदराबादच्या पोलीस कारवाईनंतरच्या वर्षी. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि मी नगरकडून नव्याने नेमणूक होऊन आलो होतो. तू ताडकळसचा. घरात मराठी, शिक्षण सगळं उर्दूत. वर्गात उत्तर-दक्षिण म्हणायच्या ऐवजी तुझ्या तोंडून शुमाल-जुनूब निघायचं आणि पोरं खुदुखुदु हसायची. म्हणून तू संध्याकाळी माझ्या खोलीवर मराठी धडे वाचायला यायला लागलास. चार दिवसांत तुला धड्यांचा कंटाळा आला. "दिवाळीत काय करायलास? गावाकडं जायलास का?" मला गावाकडे कुणी उरलं नव्हतं, तसं सांगितलं. "मग चल की सफरीला. सायकल हाय ना?" मी मास्तरकी दाखवत म्हणालो की मराठीत सहल म्हणतात. तू म्हणालास, "सहल पोरायची. आपली सफर."

पहिली सफर ताडकळसला, तुझ्याच घरी. बारा-तेरा मैल. तुझ्या आईने धपाटे आणि दही वाढलं आणि नगरच्या माणसाला तिखट सोसतं का हे बघायला समोर बसून राहिली. त्यानंतर दरसाल दिवाळी आली की आपण निघालोच. दोघांची लग्नं झाली, दोघांनीही घरून "सणासुदीचं कुठं उंडारता" हे ऐकून घेतलं, आपलं हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात जाणं झालं, पण भाऊबीज आटोपली की तिसऱ्या दिवशी सायकली बाहेर निघायच्या. त्या चार दिवसांच्या जिवावर मी वर्षभर त्रैराशिकं शिकवली आहेत. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं, कुणास ठाऊक.

रस्ता निवडणं हीच निम्मी सफर होती. सहामाहीचे पेपर तपासून झाले की बाजाराच्या दिवशी आपण बैलगाड्यांच्या तळावर जायचो. नक्शा जमीन दाखवतो, रस्ता दाखवत नाही, असं तुझं म्हणणं. रस्ता गाडीवानाला विचारायचा. त्यालाही कोस किती हे विचारायचं नाही, कारण गाडीवानाचा कोस त्याच्या लहरीप्रमाणे लांबतो. विचारायचं ते बैलाबद्दल. "बैल कुठं मान टाकतंय? तुमाला खाली कुठं उतरावं लागतंय? दुसरी जोडी कुठं जुपावी लागती?" गाडीवान जिथे उतरून चालतो तिथे आपणही सायकल हातात घ्यायची, आणि जिथे दुसरी जोडी जुंपतात त्या वाटेला जायचंच नाही, हा आपला कायदा. मग रानवाटेला ओल आहे का, कारण काळी माती एकदा मडगार्डात बसली की सायकल आपल्यावर बसते. मग विहीर कुठे, मुक्काम कुठे, गावची कुत्री कशी आहेत. तू खोदून खोदून विचारायचास आणि मी वहीत उतरवायचो. एवढी चौकशी लोक मुलगी देताना करत नाहीत.

निवड मात्र दरसाल तुझी, आणि तुझी निवड म्हणजे सपाट. पूर्णा, सेलू, गंगाखेड. रस्ता असा की कुठूनही रेल्वेचं स्टेशन दोन-तीन मैलांवर. दमलोच तर सायकली गार्डाच्या डब्यात टाकायच्या आणि खिडकीशी बसून परत. मी चिडायचो. तिशीतले गडी आपण, म्हातारे यात्रेकरू आहोत का? शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत मी तुला "रुळावरचे रावसाहेब" म्हणायला लागलो आणि ते नाव शाळेत रुजलं. तूही हसायचास. कधीतरी चिडला असतास तर बरं झालं असतं.

शिवाय दर दोन मैलांनी तुझं उतरणं. बारव दिसली, उतरलास. बांधावर पडलेला वीरगळ दिसला, उतरलास. काहीच नसलं तर चिंचेचं झाड. पिशवीतून चित्रांची वही काढायची, ओली केली की जांभळी उमटणारी ती पेन्सिल जिभेला लावायची आणि मांडी घालून बसायचं. सफरभर तुझे ओठ जांभळे. घरी पोचलो की वहिनी म्हणायच्या, "आले का शाई पिऊन?" आणि मी उन्हात दोन्ही सायकली धरून उभा, मनात राहिलेल्या मैलांची वजाबाकी करत. मी ओरडायचो, "आज पोचायचंय का उद्या?" तू मान वर न करता म्हणायचास, "पाय नुसते मोजतेत रे. कुठं जायचं ते डोळ्याला इचारावं." मी म्हणायचो की डोळ्यांना पायांनीच न्यावं लागतं. दहा वर्षं हा वाद चालला आणि कुणीच हरलं नाही. आता मी हरायला तयार आहे, तर समोर कुणी नाही.

यंदा मला येलदरी बघायची होती. पूर्णा नदीवर धरणाचं काम सुरू झालेलं, डोंगराएवढी यंत्रं आली आहेत असं ऐकत होतो. मी म्हणालो, "दहा वर्षं तुझे दगड बघितले, यंदा माझे बघायचे. रस्ताही मीच ठरवणार." जिंतूरपर्यंत पंचवीसेक मैल, पुढे आठ-नऊ. रेल्वे कुठेही नाही. तू चष्मा पुसत बसलास आणि म्हणालास, "गाडीवानाला तर इचार."

विचारलं ना. तू शेजारी उभा होतास. जिंतूरकडून सरकी-कापूस घेऊन जिनिंगला आलेला एक म्हातारा गाडीवान, बैलांना कडबा टाकत होता. मी अगदी तुझ्या पद्धतीने विचारलं, बैल कुठे मान टाकतात? तो हसायलाच लागला. "मान? मान कशाला टाकतेत वो मास्तर? गाडी भरून कापूस ऱ्हातो तरी पळतच येतेत. मी कासरा नुसता धरून बसतो."

"खाली उतरावं लागतं का कुठे?"

"न्हाई जी. लय सरळ रस्ता हाय."

"आणि जाताना?"

"जाताना गाडी रिकामी ऱ्हाती. मी आडवा होतो, बैलायला घर ठाऊक हाय."

मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: चढ नाही. अरे, भरली गाडी उताराने येत होती! जाताना चढायचे ते बैल, हा गाडीत झोपलेला. आपल्या दहा वर्षांच्या पद्धतीतली ही गोम माझ्या लक्षात आली नाही. मी गणिताचा मास्तर, पण प्रश्न एका बाजूनेच सोडवला आणि खाली रेघ मारली. तुझ्या मात्र लक्षात आलं होतं, माणिक. त्या म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य ऐकून तू माझ्याकडे बघितलंस, मला आठवतं. मी वही मिटून म्हणालो, "ठरलं?" आणि तू तो शब्द म्हणालास.

निघाल्यावर वाटेतल्या बोरीपर्यंत तू छान गप्पा मारत होतास. तिथे चहा घेतला, तू चहावाल्याशी ज्वारीबद्दल बोलत बसलास, मी घाई केली. पुढे जमीन हळूहळू वर उचलायला लागली. एकदम अंगावर येणारा चढ नाही तो. दिसत नाही, नुसता पायांना कळतो, आणि संपत नाही. मला जोर चढला होता. तू मागे पडलास, मग उतरलास, मग सायकलीच्या दांड्यावर रेलून उभा राहिलास. "तू व्हो म्होरं," ओरडून म्हणालास, "मी जरा चित्र काढतो." मी वर जाऊन एका बाभळीखाली थांबलो. बराच वेळ झाला तरी तुझा पत्ता नाही. मग तू वळणावर दिसलास, सायकल ढकलत, दहा पावलं चालून थांबत. आणि मी वरून ओरडलो, "रावसाहेब, दुसरी जोडी लावू का?"

तू हात वर केलास. हसला असशील, लांबून दिसलं नाही. वर आलास तेव्हा कपाळावर घाम आणि ओठ जांभळे. पेन्सिल, असं मी मनात म्हणालो आणि सायकलीवर बसलो.

येलदरीला मी पोरासारखा हुंदडलो. दगड फोडणारं यंत्र, माती वाहणारी गाढवं, हजार माणसं, पाटीखाली वाकलेल्या बाया. एका मुकादमाला गाठून मी भिंतीची उंची, लांबी, पाण्याचा दाब, सगळं विचारून घेतलं. तू एका धोंड्यावर बसून खालच्या पात्राकडे बघत होतास. मी येऊन आकडे सांगायला लागलो तर म्हणालास, "हे समदं पाण्याखाली जाणार यशवंता. ते आंब्याचं झाड बघून घे." मी म्हणालो, अरे पण वीज येईल. "येईल की," तू म्हणालास. वाद घालायची तुला इच्छा दिसली नाही, तेव्हा मला वाटलं होतं की अखेर मी जिंकलो.

परतीचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते खोटं नव्हतं. जिंतूर सोडलं आणि तोच रस्ता उतार झाला. तू पायडल मारणं बंद केलंस, पाय लांब केलेस आणि सायकल सोडून दिलीस. धोतराचा सोगा वाऱ्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तू मला मागे टाकलंस, दहा वर्षांत पहिल्यांदा. शुमाल-जुनूब ओरडत होतास, वेड्यासारखा. बोरीला थांबलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याने म्हणालास, आणि "पुढल्या सालीबी हिकडंच येऊ" असंही म्हणालास. इतका आनंदी मी तुला लग्नातही बघितलं नव्हतं. हे माझ्याकडे आहे. ते कुणी घेऊ शकत नाही, आणि त्याचं काय करायचं तेही मला कळत नाही.

दीड महिन्याने, शाळेला निघताना, ओट्यावर बसून चपला घालता घालता तू आडवा झालास. मला पहिल्या तासाला निरोप आला. फळ्यावर व्याजाचं उदाहरण अर्धं टाकून मी धावलो. धावून काय उपयोग होणार होता?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी तिसऱ्या दिवशी गाठलं. ते म्हणाले, काळजाची झडप अधू होती, लहानपणी सांधे धरून ताप आला असेल त्यातली. "तीन वर्षांपूर्वी तपासून मीच सांगितलं होतं, चढ चढू नका, ओझं उचलू नका." मी विचारलं, दिवाळीत पस्तीस मैल सायकलीने गेला होता, त्याने झालं का? ते म्हणाले, "झालं असेल, नसेलही. अशी माणसं जिना चढताना जातात, झोपेतही जातात. सांगता येत नाही." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की उत्तर असतंच, आपल्याला सापडत नाही इतकंच. माणिक, याला उत्तरच नाही रे. मी चोवीस तास तेच गणित घालतो आणि चोवीस तास ते सुटत नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी तुझ्या चित्रांच्या वह्या माझ्यासमोर ठेवल्या. बारवा, वीरगळ, चिंचा. किती सुंदर काढायचास! मी कधी नीट बघितल्याच नव्हत्या, सायकली धरून उभा असायचो. आणि आता बघायला बसलो तर प्रत्येक पानावर एकच प्रश्न उभा राहतो. ही बारव तुला आवडली होती, की तिथे तुला दम लागला होता? ही चिंच डोळ्यांनी निवडलीस की छातीने? डॉक्टरांचं तीन वर्षांपूर्वीचं. त्याआधीची सात वर्षं? तेव्हा नुसता सपाट रस्ताच आवडत होता का? एकाही चित्राखाली तू काही लिहिलेलं नाही. यंदाच्या वहीत बोरीचा चहावाला आहे, येलदरीचं आंब्याचं झाड आहे. त्या दोहोंच्या मधे, चढावर, काही नाही. पान कोरं आहे. तू पेन्सिल काढलीच नव्हतीस.

ओठ निळे होते, माणिक. आणि मी सायकलीवर बसलो.

मी वही मिटली आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. गाडीवान, उतार, बाभळीखालून मारलेली हाक. म्हटलं, "मीच नेलं वहिनी. मला माहीत नव्हतं." मला वाटत होतं त्या रडतील, बोल लावतील. लावले असते तर बरं झालं असतं. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "तुमाला म्हाईत न्हवतं ते ठावं हाय भावजी. त्यांनीच बजावून ठिवलं होतं. यशवंताला सांगू नको म्हणले. तीन साल झाले, दर दिवाळीला बजावायचे."

"पण का? मला का नाही?"

"कळलं तर न्यायचा न्हाई म्हणले."

मी ताडकन म्हणालो, "असं कसं? सपाट रस्त्याने गेलो असतो की! जन्मभर गंगाखेडला गेलो असतो. सांगायचं तरी होतं." वहिनींनी वह्या उचलल्या, कापडात बांधल्या आणि आत नेऊन ठेवल्या.

त्या दिवसापासून मी तुझ्यावर रागावून होतो. दहा वर्षांच्या दोस्तीत तुला माझा एवढा भरवसा नसावा? बैलाच्या मानेपासून गावच्या कुत्र्यांपर्यंत चौकशी करणारे आपण, आणि तू माझ्यापासून काळीज लपवलंस? हा राग मला फार उपयोगी पडला. त्याच्या आडोशाला आठ दिवस निघाले.

पण काल शाळेत आपले ड्रिल मास्तर भेटले. भला, दणकट माणूस. ते सहज म्हणाले, "दोन वर्षं तुम्हाला म्हणत होतो, सफरीला मलाही न्या. न्यायला हवं होतं." आणि मला आठवलं, येलदरीचं मनात आलं त्या दिवशी मी खरोखरच विचार केला होता. माणिक कुरकुर करणार, त्यापेक्षा ड्रिल मास्तरांना घेऊन जावं. एक दिवसभर हा विचार माझ्या डोक्यात होता. तू नाही म्हणाला असतास तर तो बेत तयारच होता.

म्हणजे तू सांगितलं असतंस, तर मी चार दिवस हळहळलो असतो. तुला विश्रांती घे म्हणालो असतो, वहिनींना पथ्यपाणी सांगितलं असतं. आणि भाऊबीज झाली की तुझ्या दारावरून, घंटी वाजवत, दुसऱ्या माणसाबरोबर येलदरीला गेलो असतो.